नॉर्मांडची तीनचाकी आणि बीन्सचा हंडा

"हंडा बोटीतून आणा," लोरेननं नवऱ्याला आणि भावाला बोटीत चढता चढता पुन्हा बजावलं. "मी पलीकडं उतरून बोट परत पाठवते. सरोवर शांत आहे. उगाच रानातून धडपडत येऊ नका. ऐकताय ना?"

"ऐकतोय, ऐकतोय," दोघंही म्हणाले. बोट नजरेआड झाली आणि दोघांनी ऐकणं थांबवलं.

पलीकडच्या काठावरच्या लाकडी घरात त्या दिवशी म्हाताऱ्या ओव्हिलाचा, म्हणजे लोरेनच्या वडिलांचा, वाढदिवस होता. म्हाताऱ्याला केक नको होता, भेटी नको होत्या. त्याला खड्ड्यात शिजलेले बीन्स हवे होते. ते आदल्या संध्याकाळपासून रोझेरच्या अंगणात, मातीखाली, निखाऱ्यांत, काकवी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसासकट बिडाच्या हंड्यात शिजत होते. रोझेर हा लोरेनचा थोरला भाऊ. नॉर्मांड तिचा नवरा. या दोन मेहुण्यांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं : रानात चालवायला तीनचाकी बरी की चारचाकी?

नॉर्मांडची लाल तीनचाकी त्याच्या लग्नाआधीची. पुढं एक, मागं दोन, भोपळ्यासारखी फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल आणि खाली स्प्रिंगचा पत्ताच नाही. असल्या गाड्या बनवणं कंपन्यांनी कधीच बंद केलं होतं. "त्या लाल भुताला विकून टाक," असं लोरेन दर वसंतात म्हणायची. रोझेरनं मात्र कमरेच्या ऑपरेशननंतर ऐटबाज चारचाकी घेतली होती. मागं सामानाला जाळी, पुढं रुतलेली गाडी ओढून काढायला तारेचं ओढयंत्र, आणि हँडल गरम करायचीसुद्धा सोय.

"गाडी आहे की सोफा?" हंडा चारचाकीच्या जाळीवर आवळून बांधताना नॉर्मांड म्हणाला.

"सोफा तर सोफा. निदान वळणावर मला फेकून तर देत नाही."

"माझी फेकत नाही. तिला बसणारा कळतो. तुझ्या गाडीवर पोतं ठेवलं तरी ती चालेल."

"म्हणूनच बरी," रोझेर म्हणाला.

निम्म्या वाटेपर्यंत सगळं ठीक होतं. तीनचाकी चिखलावरून बदकासारखी तरंगत जायची, चारचाकी त्याच चिखलातून रेड्यासारखी रेटत यायची. ओढ्याशी दोघं थांबले आणि तिथं नॉर्मांडला सुचलं.

"अदलाबदल करू. माझ्या गाडीवर बसून बघ, मग बोल."

"आणि हंडा?"

"हंडा तुझ्या सोफ्यावरच राहू दे. मी आणतो की."

रोझेर तीनचाकीवर बसला, तो पाटावर जेवायला बसावं तसा ताठ. "वळताना अंग आत झुकव, भार बाहेरच्या पायावर दे," नॉर्मांड ओरडला. "आणि काही झालं तरी पाय जमिनीला लावू नकोस!"

शेवटचं वाक्य इंजिनाच्या आवाजात बुडालं. पहिल्याच वळणावर तीनचाकीचं आतलं चाक उचललं गेलं. रोझेरनं माणूस करतो तेच केलं : सावरायला पाय टेकला. मागचं फुगीर चाक निवांतपणे त्याच्याच बुटावर चढलं आणि गाडी, रोझेर, रोझेरची टोपी असं सगळं वाटेवर आडवं झालं.

मागून नॉर्मांड येत होता. मेहुणा वाटेत पसरलेला पाहून त्यानं हँडल वळवलं आणि आयुष्यभराच्या सवयीनं अंगही झोकून दिलं. चारचाकीला झोकण्याची गरज नव्हती. ती सांगितलं त्याच्या दुप्पट वळली आणि थेट दलदलीत जाऊन जाळीपर्यंत रुतली.

"हंडा?" आडव्या रोझेरचा पहिला प्रश्न.

"उभा आहे! तू?"

"घोटा गेला. तुझी गाडी माझ्या पायावरून गेली रे! मीच चालवत असताना!"

"पाय लावू नको म्हणालो होतो."

"आता काढ ती. तार त्या झाडाला बांध आणि बटण दाब."

नॉर्मांडनं तार जवळच्या देवदाराला बांधली आणि बटण दाबलं. देवदार आतून कुजलेला होता. गाडी झाडाकडं जाण्याऐवजी झाडच करकरत गाडीकडं आलं आणि तिच्या पुढच्या भागावर टेकलं. नॉर्मांड कसाबसा बाजूला झाला.

"माझी गाडी कधी झाडाखाली सापडली नव्हती," तो म्हणाला.

"कारण तिला झाड ओढताच येत नाही!"

फोनला रेंज नव्हती. वाद तेवढा जोरात चालू होता. त्याच आवाजाच्या रोखानं, गुडघ्यापर्यंत चिखलात, लोरेन चालत आली. दुपार टळली, बोट रिकामीच परतली, तेव्हाच ती काय ते समजली होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, भावाच्या घोट्याला बोट लावून पाहिलं, मग हंड्याचं झाकण उचलून वास घेतला.

"बाबा ताट घेऊन बसलेत," ती म्हणाली. "भुकेनं नाही, हट्टानं. दुसऱ्या कशालाच हात लावत नाहीत."

"चारचाकी निघाली की लगेच..." रोझेर म्हणाला.

लोरेननं आडवी तीनचाकी हँडल धरून एकटीनं उभी केली. हंडा सोडवून मागं बांधला. गाडी सुरू करायची दोरी खेचली, इंजिन लागलं.

"लोरेन, अगं, तुला येत नाही! वळताना..." नॉर्मांड ओरडला.

"तुला चालवताना मी वर्षानुवर्षं खिडकीतून बघतेय," ती म्हणाली. "आधी बीन्स. मग तुमच्यासाठी बोट पाठवते."

वळणावर ती आत झुकली, पाय पट्टीवर पक्के ठेवले आणि झाडीत दिसेनाशी झाली. रोझेर नॉर्मांडच्या खांद्यावर हात टाकून लंगडत सरोवराच्या काठाकडं निघाला.

बोटीनं त्यांना आणलं तेव्हा म्हातारा तिसऱ्यांदा वाढून घेत होता. "पायाला काय झालं?" त्यानं मुलाला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पाव हंड्यात बुडवला.

रात्री घरी परतल्यावर नॉर्मांडनं बूट काढले आणि नमतं घेतलं. "तुझंच बरोबर होतं. आज रोझेरचा पाय मोडला असता. लाल भूत विकून टाकतो."

"हात तर लावून बघ," लोरेन म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी ती हेल्मेट घालून अंगणात उतरली. नॉर्मांड जाकीट चढवत मागोमाग धावला. "थांब, मीही येतो!"

"त्यावर एकालाच बसता येतं," तिनं सांगितलं आणि दोरी खेचली.