निघताना काय म्हणावं

परग्रहवासीयांनी आमच्या गावावरचं आक्रमण मागे घेतलं त्याला वर्ष झालं, पण त्यांचं यान अजून रोज दिवेलागणीला परत येतं.

यान उत्तम आहे, याबद्दल गावात दुमत नाही. त्याला कळ नाही, दांडा नाही. त्याच्या दाराबाहेर उभं राहून बोलायचं, की यान तसंच करतं. सैन्यबिन्य लागत नाही, एक सेनापती पुरतो. ज्या मुलखावर चढाई करायची तिथलीच भाषा यानाला शिकवायची, असा त्यांच्या खात्याचा नियम आहे. म्हणून आमच्यावरचं आक्रमण मराठीतून झालं. मराठीचा इतका वापर आमच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवंडांनीही कधी केला नाही.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. सेनापतींनी हुकूम सोडला, संध्याकाळच्या आत गाव रिकामं करा. आम्ही समजूतदार माणसं. कुलपं लावली, बोचकी उचलली आणि निघताना रीतीप्रमाणे त्यांना म्हटलं, "बरंय, येतो." यानाने इशारा दिला की सबंध गाव चाल करून येत आहे. सेनापती रात्रभर दबा धरून बसले. आलं कोणीच नाही, कारण आम्ही आपापल्या पाहुण्यांकडे जेवत होतो. सकाळी यानाने, म्हणे आयुष्यात पहिल्यांदाच, "समजत नाही" असं कळवलं. सेनापती तिथेच खचले आणि त्यांनी माघारीचा निर्णय घेतला.

यान उतरलं होतं माझ्या शेजारी, कुमुदकाकू सबनीसांच्या परसात. एकट्या काकू गाव सोडून गेल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा निरंजन कॅनडात असतो. अकरा वर्षांपूर्वी "येतो" म्हणून गेला. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, ही त्यांची अडचण.

निघताना सेनापती सभ्यपणे म्हणाले, "बरं, आम्ही जा..."

"अहो, असं म्हणू नये," काकू म्हणाल्या. "येतो म्हणावं."

"पण आम्ही जात आहोत."

"जात असलात तरी."

सेनापती शिस्तीतले. म्हणाले, "येतो." यान वर गेलं आणि दिवेलागणीला परसात परत उतरलं. काकूंनी आणखी एक ताट घेतलं.

तेव्हापासून रोज हेच. यानात बसून गुपचूप "जातो" म्हणा, असं मी सुचवून पाहिलं. पण यान दाराबाहेर बोललेलंच ऐकतं, आणि दाराबाहेर काकू उभ्या असतात.

परवा त्यांच्या मुख्यालयाचा निरोप आला. आता आणखी एकदा जरी त्या गावाकडे फिरलात, तर तुम्हाला आपल्या ग्रहावर पुन्हा कधीच घेतलं जाणार नाही. सेनापतींनी तो काकूंना वाचून दाखवला.

काकूंनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाल्या, "एक विचारू का रे? आमचा निरंजनही येतोच म्हणाला होता. तुझ्या यानाला सांगून बघतोस?"

सेनापतींनी यानाला विचारलं. यान म्हणालं, "माझ्यासमोर उच्चारलेला शब्द मी पाळतो. विमानतळावरच्या शब्दांची सोय माझ्यात नाही."

"एवढं मोठं यान," काकू म्हणाल्या, "आणि एवढंसं होत नाही." त्यांनी पदराने डोळे टिपले. "जाऊ दे. तू कशाला अडकतोस? आज खुशाल जातो म्हण. मी ऐकत नाही." आणि दोन्ही कानांवर हात ठेवून त्या पायरीवर उभ्या राहिल्या.

खोटं कशाला सांगू, कुंपणापलीकडे मला गलबलून आलं.

सेनापतींनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग पुढे होऊन काकूंचे हात कानांवरून अलगद बाजूला केले आणि म्हणाले, "येतो."

यान वर गेलं. काकू दोघांपुरते तांदूळ निवडायला बसल्या.