मुंजाजी मिस्त्री मूळ शोधतात

ठेच मला लागली होती, अंगठा माझा फुटला होता, आणि मुंजाजी मिस्त्री रस्त्यात उकिडवे बसून दगडाची चौकशी करत होते. हा दगड कुणीतरी कापसाच्या गाडीच्या चाकाखाली लावलेला. गाडी इथंच का थांबली, तर बैल बसला. बैल का बसला, तर त्याला कडबा कमी पडला. म्हणजे माझ्या अंगठ्याचं मूळ गेल्या सालच्या ज्वारीत होतं. "काही उगंच होत न्हाई, मास्तर," असं समाधानानं म्हणून ते उठले. मी लंगडत घरी जाऊन हळद लावली.

सेलूच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते मिस्त्री, मी शाळेत मास्तर, आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच. यंत्र बंद पडलं की कारण सापडतंच, ही जिनिंगमधली सवय त्यांनी सगळ्या दुनियेला लावली होती. हैदराबाद संस्थान गेलं, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली, तेव्हा अख्खं गाव पेढे खात होतं आणि हा गृहस्थ मूळ शोधत पार बहामनी काळात पोचला होता. मला तर लय चीड यायची. अहो, अर्धी दुनिया योगायोगावर चालते, असं मी रोज ओट्यावर बसून ठणकावून सांगायचो आणि रोज हरायचो.

एका साली पंचमीला त्यांची लेक माहेरी आली. परत जायच्या दिवशी तिनं बापाला साधंच विचारलं, आज निघू का उद्या? मिस्त्री तसेच उठले आणि माझ्याकडे येऊन बसले. आज मूळ सापडेना वाटतं, असं मी चिडवून पाहिलं. ते हसले नाहीत.

मग पहिल्यांदाच बायकोबद्दल बोलले. ती दुधना नदीच्या पुरात बैलगाडीसकट वाहून गेली, एवढं मला ठाऊक होतं. ती खरं तर आदल्याच दिवशी माहेरी निघणार होती, हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी नदीला घोटाभर पाणी होतं. पण तिच्या हातचे गरम धपाटे खायचे म्हणून यांनीच तिला एक दिवस ठेवून घेतलं.

"लय मागं जाऊन बघितलं, मास्तर. दर बारीला माझ्यापाशीच येऊन थांबतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी म्हणता तसं, उगंच होतंय का हो काही?"

इतक्या वर्षांत तो वाद मला एवढा जिंकावासा कधी वाटला नव्हता. म्हटलं, पाऊस वरच्या अंगाला पडला, तो काय तुमच्या धपाट्यांना विचारून पडला? बोलता बोलता मीच रडकुंडीला आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण हो म्हणाले नाहीत. त्यांना पटलं नव्हतं, मला दिसत होतं. उपरणं झटकून ते घरी गेले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला.

"राहा गं आजचा दिवस. उद्या मी येतो संगं. नदी ओलांडून, पार तुझ्या दारापर्यंत."