फहदसाहेबांचा हलका स्कोप

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या एका कारखान्यात विली तुस्कानो हा खरेदी विभागाचा प्रमुख होता. विभागात तो एकटाच होता, पण त्यामुळे त्याच्या प्रमुखपणाला काही बाधा येत नव्हती. वसईहून आला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते आणि मनात एक तत्त्व होतं. केस गेले, तत्त्व राहिलं. तीन कोटेशन्स घेतल्याशिवाय टाचणीसुद्धा विकत घ्यायची नाही, हे ते तत्त्व. त्याची मुलगी सोफिया हिने परस्पर स्वतःचं लग्न ठरवलं आणि एकाच मुलाचं नाव घरी सांगितलं, तेव्हा विलीने रीतसर चौकशी केली. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं. विलीला फक्त बाकीच्या दोन कोटेशन्सची चुटपुट लागली होती.

लग्न जानेवारीत, वसईला, त्यांच्याच चर्चमध्ये होतं. बायको मॉली सोफियाला घेऊन पुढे गेली होती. बापाने मुलीचा हात धरून तिला अल्तारापर्यंत न्यायचं, एवढं एकच काम विलीवर सोपवलेलं होतं. बाकीची कामं त्याच्यावर सोपवली असती तर लग्न पुढच्या वर्षावर गेलं असतं, असं मॉलीचं मत होतं.

रजेवर सही कारखान्याचे मालक फहदसाहेब यांची लागायची. फहदसाहेब मोठ्या मनाचे, पण दर हिवाळ्यात ते मध्य आशियातल्या डोंगरांत रानबोकडाच्या शिकारीला जात आणि एकदा गेले की तिकडे फोनही लागत नसे. म्हणून विली आधीच त्यांच्या केबिनमध्ये गेला.

"डॉटर का शादी? मबरूक, विली, मबरूक!" फहदसाहेब उठून उभे राहिले. "छुट्टी तो देगा, हबीबी. लेकिन पहले मेरा एक काम. रायफल का स्कोप बहुत हेवी है. लाइट वाला लेके आओ. व्हेरी लाइट. तुम परचेसवाला है, तुमको मालूम."

स्कोप म्हणजे बंदुकीवर बसवायची दुर्बीण, एवढंच विलीला मालूम होतं. बंदूक त्याने आयुष्यात एकदाच हातात घेतली होती, वसईच्या जत्रेत, फुगे फोडायची. फुगा फुटला नव्हता.

एखाद्या साध्या माणसाने त्याच दुपारी शिकारीच्या सामानाचं दुकान गाठलं असतं, दोन-चार स्कोप हातात तोलून पाहिले असते आणि त्यातला हलका घेऊन तो संध्याकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी सामान भरायला बसला असता. विली साधा माणूस नव्हता. त्याने तीन दुकानांना ईमेल केली, तीन कोटेशन्स आली, आणि ती घेऊन तो फायनान्स मॅनेजर मुरलीधर यांच्याकडे गेला. मुरलीधर पूर्वी साताऱ्याकडे सरकारी लेखा खात्यात होते आणि ती शिस्त त्यांनी समुद्रापार जशीच्या तशी आणली होती.

"विलीसाहेब, एक मुद्दा आहे," कागद डोळ्यांजवळ धरून मुरलीधर म्हणाले. "हलका म्हणजे कशापेक्षा हलका?"

"जुन्यापेक्षा."

"असं लिहून दिलंय का त्यांनी?"

"तोंडी सांगितलं. व्हेरी लाइट म्हणाले."

"व्हेरी लाइट ही व्याख्या होत नाही. उद्या कोणी विचारलं, तर तुम्ही उत्तर द्याल की मी? समिती नेमू."

अशा रीतीने 'भारहीनता-अनुकूल दृष्टिसाधन निवड समिती' स्थापन झाली. मुरलीधर अध्यक्ष, विली सदस्य-सचिव, आणि अॅडमिनच्या नबिला मॅडम सदस्य. नबिला मॅडम लखनौच्या. समितीत बंदूक कळणारं कोणीच नव्हतं, त्यामुळे पक्षपाताची शंका घ्यायला जागा नव्हती.

पहिल्या बैठकीत तीनशे ऐंशी ग्रॅमचा एक स्कोप सगळ्यांना एकमताने आवडला. तिथेच खलास व्हायचं. पण नबिला मॅडमनी रात्रभर व्हिडिओ बघितले होते.

"ये छोटा लेन्स है," त्या म्हणाल्या. "शाम को अंधेरा हुआ तो बकरा दिखेगा कैसे?"

प्रश्न बिनतोड होता. मोठं भिंग घेतलं, वजन वाढलं. मोठ्या भिंगाला जाड नळी लागते म्हणून जाड नळी घेतली. नळीच्या आत लाल ठिपका पेटणारा हवा, नाहीतर अंधारात नेम धरणार कुठे? ठिपक्याला बॅटरी आली. डोंगरात बॅटरी संपली तर दुसरी हवी, म्हणून ती ठेवायला कप्पा आला. अंतर मोजायचं यंत्र मुरलीधरांनी सुचवलं, कारण अंतर माहीत नसताना गोळी झाडणं हा विनाआधार खर्च होतो. शेवटी एवढ्या महागाच्या वस्तूवर ओरखडा उठू नये म्हणून चामड्याचं कव्हर आलं.

किमतीचा आकडा दिरहममध्ये वाचून मुरलीधरांनी मोठ्याने त्याचे रुपये केले आणि खुर्चीत मागे टेकले. "साताऱ्यात एवढ्यात ट्रॅक्टर येतो हो," ते म्हणाले. "पण ट्रॅक्टरला तरी एवढी भिंगं कुठे असतात!" आणि त्यांनी मंजुरी दिली.

सगळं मिळून वजन सव्वा किलोवर गेलं. जुना स्कोप आठशे ग्रॅमचा होता, हे विलीने दबकत निदर्शनास आणून दिलं.

"सुविधांच्या मानाने हलका आहे," अध्यक्षांनी निर्णय दिला, आणि व्याख्येचा प्रश्न कायमचा सुटला.

आता चाचणी. बंदूक ऑफिसात आणायची नाही असं फहदसाहेबांनी आधीच बजावलं होतं, तेव्हा दुकानातून नमुना म्हणून मागवलेला स्कोप फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधला. समिती गच्चीवर गेली. मुरलीधरांनी मॉप खांद्याला लावला, एक डोळा मिटला आणि गोदामाच्या दिशेने नेम धरला.

"अरेच्चा! पॅकिंगवाले अजून चहाच पितायत!"

नबिला मॅडमनी मॉप हिसकावून घेतला. त्यांना सेल्सचा माणूस आपल्या गाडीत एसी लावून झोपलेला दिसला. त्या दिवसापासून समितीच्या बैठका गच्चीवरच होऊ लागल्या, आणि चाचणी आणखी काही काळ चालू ठेवावी असं सर्वानुमते ठरलं.

तिकडे वसईहून रोज फोन येत होता.

"विली, तिकीट काढलंस का?" मॉली विचारायची.

"समितीचा अहवाल यायचाय गं."

"अरे, तुझ्या त्या दुर्बिणीचा आणि माझ्या पोरीचा काय संबंध? इथे मांडव घालून झाला, सूट शिवून तयार आहे, आत घालायला माणूस नाही!"

मागून सोफियाचा आवाज यायचा. "डॅड, इट्स अ स्कोप! जस्ट पिक वन अँड कम होम!"

विलीला खरंच जायचं होतं. लहानपणी सोफिया मॉलमध्ये त्याच्या करंगळीला धरून चालायची, ते आठवून त्याला रात्री झोप येत नसे. तो उठायचा आणि झोप येईपर्यंत स्कोपचे व्हिडिओ बघायचा.

शेवटी शिकारीला निघायच्या आदल्या दिवशी फहदसाहेब स्वतःच गच्चीवर आले. समिती दचकली. मॉप त्या वेळी मुरलीधरांच्या खांद्यावर होता. साहेबांनी तो हातात घेतला, वजनाने हात खाली गेला, आणि ते खदाखदा हसले.

"विली, ये क्या तोप बनाया?"

"सर, हलकाच आहे. सुविधांच्या... मतलब, फीचर्स के हिसाब से."

"छोडो, छोडो. मैं किधर उठाता हूँ? रायफल तो गाइड उठाता है. गोली भी वोही मारता है. मैं फोटो निकालता हूँ."

"तो सर, लाइट वाला क्यों..." विलीने कसंबसं विचारलं.

"मेरा कझिन लाइट वाला लिया ना!" फहदसाहेबांनी यात न समजण्यासारखं काय आहे अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं. "खलास. कोई भी एक दे दो, तुम्हारा छुट्टी का पेपर भी दे दो. मैं साइन करता हूँ, तुम डॉटर के पास जाओ. यल्ला!"

पेन साहेबांच्या हातात होतं. अर्ज विलीच्या खिशात होता. तो काढायचा, पुढे करायचा आणि विमानतळाची टॅक्सी पकडायची, एवढंच उरलं होतं. पण 'कोई भी एक' हे शब्द विलीच्या कानात शिरले आणि इतक्या वर्षांचं तत्त्व त्याच्या तोंडातून आपोआप बाहेर आलं.

"सर, कोई भी एक कैसे? अहवाल अजून... रिपोर्ट अभी फायनल नहीं हुआ है."

फहदसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग भारावून त्यांनी त्याला मिठी मारली. "माशाल्ला! ऐसा आदमी चाहिए कंपनी में. तुम सही बोला, विली. जल्दी नहीं करना. आराम से फायनल करो, मैं वापस आके साइन करेगा." पेन खिशाला लावून ते जिना उतरले. दुसऱ्या दिवशी ते जुनाच स्कोप घेऊन विमानात बसले.

लग्नात सोफियाचा हात तिच्या मामाने धरला. विली खोक्यांच्या ढिगाजवळ व्हिडिओ कॉलसाठी फोन उभा करून, मॉलीने कुरिअरने पाठवलेला सूट घालून बसला होता. सोफिया अल्तारापाशी पोचली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि त्याला रडू आवरेना. नंतर हॉलमध्ये मॉलीचा फोन पाहुण्यांत फिरला. काकांनी विचारलं, "काय रे, स्कोप ठरला का?" मावशीच्या मुलाने मोठं भिंग घे असा सल्ला दिला, तर फादर म्हणाले की डोंगरात लहानच बरं. या मुद्द्यावर दोन गट पडले, आवाज चढले, आणि मधेच बॅटरी संपून फोन बंद पडला. सोफिया बापाशी बोलायची राहून गेली.

समितीचा अहवाल पुढे आला की नाही, आणि अखेर स्कोप कोणता ठरला, तीनशे ऐंशी ग्रॅमचा की सव्वा किलोचा, हे तुम्हांला जाणून घ्यायचं असणार. तुमचंही एक मत एव्हाना झालं असेल, आणि ते विलीला कळवायला हरकत नाही, तो सगळी मतं नोंदवून घेतो. बाकी सोफियाने ज्याच्याशी लग्न केलं त्या मुलाचं नाव अजून सांगितलेलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत.