क्षमेसाठी अपराधी पाहिजे

गेल्या सहामाहीत शाळेतल्या एकाही मुलाने दुसऱ्याचा कसलाही अपराध केला नाही, ही बाब अत्यंत चिंताजनक आहे, असं मुख्याध्यापिकाबाईंनी पालकसभेत सांगितलं. आम्ही पालक माना खाली घालून बसलो.

बाईंचंही खरं होतं. मुलांचा आध्यात्मिक, नैतिक, सामाजिक आणि सांस्कृतिक विकास कितपत झालाय, ते बघायला वरून तपासनीस यायचे होते. प्रामाणिकपणा झाला होता. वाटून खाणंही झालं होतं, इतकं की स्वतःचा डबा स्वतः खाल्लेलं पोर शोधून सापडत नव्हतं. घोडं अडलं होतं क्षमेपाशी. क्षमा करायची तर आधी कोणीतरी काहीतरी करायला हवं, आणि आमची कार्टी खोडी कशी काढतात हेच विसरून गेली होती.

"तेव्हा प्रत्येक वर्गात एक नियुक्त अपराधी नेमू," बाई म्हणाल्या. "चौथीतून कोण मूल देतंय?"

एरवी आमच्या बाळाला पहिल्या रांगेत घ्या म्हणून बाईंच्या मागे लागणारे पालक एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. नेमकं तेव्हाच मला उकडत होतं. कोणीतरी खिडकी उघडा, असं सांगायला मी हात वर केला. टाळ्या पडल्या, आणि आमची गोटी अपराधी झाली.

"खिडकी तरी उघडली का?" घरी बायकोने विचारलं.

"नाही."

"म्हणजे तेही नाही."

गोटीला बिल्ला मिळाला. अपराध सौम्य असावा, डोळ्यांत पाणी यावं पण गणवेशावर डाग पडू नये, एवढीच अट होती. पहिल्या दिवशी तिने शेजारच्या टिकलीचं खोडरबर उचललं. टिकली तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिने पेन्सिलही पुढे केली.

"अगं, देतेस काय?" मूल्यशिक्षणाच्या बाई धावत आल्या. "आधी दुखावली जा."

"पण बाई, मला वाईटच नाही वाटलं."

"प्रयत्न कर. बाकीच्या वर्गांना जमतंय ना?"

टिकली मुळात हुशार. चार दिवसांत तिचा गळा दाटून यायला लागला. बघता बघता सगळ्या वर्गाला क्षमेची गोडी लागली. मधल्या सुट्टीत पोरं रांग लावायची, गोटी एकेकाला चिमटा काढायची, आणि तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "जा, मोठ्या मनाने क्षमा केली." एका पोराने चिडून दुसऱ्याला खरोखर ढकललं, तर त्याला विनापरवाना अपराध केला म्हणून वर्गाबाहेर उभं केलं.

मग पालक जागे झाले. एका मुलाचे वडील, दातांचे डॉक्टर, तणतणत आले. "शेजारच्यांच्या मुलाची पट्टी मोडली आणि आमच्याला नुसत्या वाकुल्या? वाकुल्यांवर कसलं मन मोठं होणार?" दुसरी तक्रार अशी की अपराध्याला लागून बसणाऱ्या मुलीला सगळे अपराध आयते मिळतात. ही तक्रार बाईंना पटली. टिकलीला खिडकीजवळ हलवलं. गोटीचा बाक रिकामा झाला तो झालाच.

"बाबा, सगळे क्षमा करतात आणि खेळायला निघून जातात," गोटी म्हणाली. "टिकलीसुद्धा. तिला परत माझ्या बाकावर बसू द्या ना." मला भडभडून आलं. दुसऱ्या दिवशी तडक शाळा गाठली.

"बाई, पोरगी एकटी पडलीय हो."

"अहो, सबंध वर्गाने तिला क्षमा केलीय," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही एका मैत्रिणीचं काय घेऊन बसलात?"

यथावकाश तपासनीस आले. त्यांनी गोटीलाच विचारलं, "बाळ, तू कोणाला क्षमा केलीस का?"

"हो. सगळ्यांना," गोटी म्हणाली. "पण माझी क्षमा कोणी हिशेबात धरत नाही."

तपासनीसांनी चष्मा काढून पुसला. शाळेला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला. फक्त जाता जाता ते म्हणाले, मुलांमध्ये करुणा अंमळ कमी दिसते. करुणेसाठी एखादं केविलवाणं मूल लागतं, याची बाईंना कल्पना होतीच. त्यांनी मला फोन करून अभिनंदन केलं. गोटीच्या बाबतीत वेगळी तयारी करावी लागणार नव्हती.

या खेपेस योजना बाहेरच्यांनाही खुली आहे. तेव्हा हे वाचून तुमचं मन थोडं हेलावलं असेल, तर ते वाया घालवू नका. सकाळी शाळेत या, गोटीला बघा, हळहळा आणि चांगल्या मनाने घरी जा. गर्दी असते, पण रांग भराभर सरकते. तिच्याशेजारी बाकावर बसायची सोय मात्र योजनेत नाही. तशी चौकशी अजून कोणी केलेलीही नाही.