नववर्षाची उसळी

न समजलेल्या गोष्टीला दाद देण्याची सभ्य रीत असल्याशिवाय कोणतंही शास्त्र वाढत नाही. बाल्टिक किनाऱ्यावरच्या त्या जर्मन विद्यापीठात व्याख्यानानंतर टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात. (हाताला लागतं, म्हणून कौतुक थोडक्यात आटोपतं.)

हेन्रिके ल्यूडर्सचा प्रबंध तरंगिकांवर होता. तरंगिका म्हणजे चिमुकली लाट. तिच्या मदतीने कुठलीही माहिती आधी ढोबळ, मग पायरीपायरीने बारीक पाहता येते. तिच्या संस्थेतल्या तरंगिका साइन-कोसाइनच्या बेरजांतून घडवलेल्या, त्यामुळे त्यांना सगळं गोल लागतं: जिथे संपलं तिथूनच पुन्हा सुरू. बंदरातल्या पाण्याची वर्षभराची पातळी त्यांच्यापुढे ठेवली, की एकतीस डिसेंबर बिनतक्रार त्याच वर्षाच्या एक जानेवारीला जाऊन चिकटतो.

याच पद्धतीने तिचे मार्गदर्शक प्राध्यापक थीसेन यांनी ‘नववर्षाची उसळी’ शोधली: वर्ष संपताना पाणी एकदम झेप घेतं. बंदराने त्या रात्री पूरदरवाजा बंद ठेवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून त्या रात्री एकदाही पूर आलेला नाही. (आधीही आला नव्हता, पण तेव्हा त्यामागे शास्त्र नव्हतं.)

तोंडी परीक्षेच्या तोंडावर हेन्रिकेला कळलं, की पाणी उसळतच नाही. गप्प बसली तर डॉक्टरेट. बोलली तर इतक्या वर्षांची मेहनत मातीत, वर गुरूची अब्रू. ती भयंकर घाबरली होती, तरी परीक्षेत बोलली.

“प्रोफेसर, ती उसळी नाही, शिवण आहे. डिसेंबरचं टोक आपणच जानेवारीला शिवतो.”

“अहो, पण बारीक पाहिलं की ती आणखी ठळक होते!”

“शिवण जवळून ठळकच दिसणार ना! वर्ष जुलैपासून मोजून बघा. जानेवारीत काहीच उरत नाही, उडी जूनअखेरीस जाते.”

बाहेरून आलेले परीक्षक ब्रोडरसन यांनी चष्मा काढला.

“म्हणजे फ्राऊ ल्यूडर्स, तुम्हाला दुसरी उसळी सापडली?”

“नाही हो! एकसुद्धा नाहीये!”

पण तोवर बाक ठोकायला सुरुवात झाली होती. तिला सर्वोच्च श्रेणी मिळाली. सहकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी चढवली, तेव्हा तिला रडू कोसळलं. (हर्षातिरेक, अशी नोंद आहे.) पूरदरवाजा आता जूनअखेरीसही बंद असतो, तिथेही यश शंभर टक्के.

वाचकहो, आपण हसलात, छान वाटलं. या हकिकतीतलं गणित मात्र आपण मान डोलावत ओलांडलंत, एकदाही थांबून ‘म्हणजे काय?’ विचारलं नाहीत. संकोच नको. परीक्षक समितीवर एक जागा रिकामी आहे आणि आपली पात्रता सिद्ध झाली आहे.