मुहूर्त येईपर्यंत

मंगलाष्टकं संपत आली आणि मुहूर्ताचा पत्ता नव्हता.

मुरार भागातल्या मंगल कार्यालयात अंतरपाटाच्या अलीकडे हर्षिता, पलीकडे पुष्कर, दोघांच्या हातात हार. गोविंद गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून अष्टकं सुरू केली होती. मधेच त्यांनी सहज मोबाइल काढला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीवरची वेळ एक, मोबाइलमधली दुसरी, आणि दोन्हींच्या मधे एक अख्खी पंगत उठून गेली असती.

"घड्याळ मी पुढे केलं होतं," पुष्करचे वडील दिनकरराव खालच्या आवाजात म्हणाले. "आपल्या घरातले कधी टाइमवर आलेत का? म्हटलं, घड्याळ बघून तरी जल्दी करतील."

"मग मला सांगायचं ना."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पण लेट आला असता."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मुहूर्ताआधी अंतरपाट खाली येणार नाही, आणि एकदा धरलेली अष्टकं मधेच तोडायची नाहीत, हे त्यांनी फार शांतपणे सांगितलं. गाणारं कोणी उरलंय का, एवढंच त्यांना हवं होतं.

तसं उरलं कोणीच नव्हतं. मुलीकडच्यांची गाऊन झाली होती. मंदाताईंनी, म्हणजे दिनकररावांच्या बहिणीने, स्वतः रचलेलं अष्टक दोनदा म्हटलं होतं. त्यात दोन्ही घरची माणसं, कुलदैवतं आणि पुष्करच्या प्रमोशनची बातमीसुद्धा बसली होती. अक्षतांचीही तीच गत. लष्कर पेठेतल्या हिंदीभाषक पाहुण्यांनी पहिल्याच 'सावधान'ला ओंजळी रिकाम्या केल्या होत्या. त्यांच्याकडे लग्नं रात्र रात्र चालतात, मराठी लग्न मात्र चुटकीसरशी आटपतं अशी त्यांची समजूत. इतक्यात काहीच संपणार नाही हे त्यांना कोण सांगणार.

मग सगळ्यांच्या माना अवंतिकेकडे वळल्या.

अवंतिका दिनकररावांची पुतणी. स्वतः गाणी लिहायची, स्वतः चाल लावायची, गोरखीतल्या घरी कपाटांच्या खोलीत खिडकीला रजया टांगून स्वतःच रेकॉर्ड करायची आणि नेटवर टाकायची. तानसेनाच्या या गावात गाणाऱ्याला पहिला प्रश्न एकच, कोणाकडे शिकतेस? "मी माझंच गाते," असं तिने सांगितलं की समोरचा फार मायेने म्हणायचा, "होईल, होईल हळूहळू." गिटार घेऊन ती घराबाहेर पडली की शेजारपाजार तिला सुटी कधी संपते ते विचारायचा.

आणि आता कुठे दार किलकिलं झालं होतं. मुंबईच्या सोनिका या संगीत कंपनीने एका ऑनलाइन मैफलीसाठी तिला निवडलं होतं. अट एकच, गाणं कोरं हवं. कुठे गायलेलं नको, कोणी ऐकलेलं नको. तसं लिहून आज संध्याकाळपर्यंत मेल पाठवायचा होता. गाणं तयार होतं. लहानपणापासून कानात भरलेल्या मंगलाष्टकांच्या चालीवर तिने विरहाचं गाणं बांधलं होतं, आणि महिनोन् महिने ते रजयांखेरीज कोणाला ऐकू दिलं नव्हतं.

"आत्या, मी माझं म्हटलं ना एकदा," ती मंदाताईंच्या कानाशी लागली.

"मग अजून एक बनव. तू तर बनवतेसच ना गाणी? त्याच्यात काय आहे."

माइक हातात आला. अवंतिकेने गणपतीला हात जोडून एक कडवं उभ्या उभ्या रचलं. दुसऱ्यात गोपाचल डोंगर आणला, त्यावरचा किल्ला आणला, तानसेनाच्या समाधीजवळची चिंच आणली. तिसऱ्यात सासूबाईंच्या वांग्याच्या भाजीपर्यंत येऊन ठेपली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून आले होते. गुरुजी मोबाइलकडे बघत बोटांनी 'चालू द्या, चालू द्या' करत होते. तिच्या डोक्यात आता शब्द म्हणून नव्हता. गिटारवरची तिची बाकीची गाणी या चालीत शिरेनात. चालीत चपखल बसणारं गाणं जगात एकच होतं.

आणि मांडवात जितकी माणसं तितके मोबाइल वर धरलेले होते.

गुरुजींच्या कपाळावर आठी उमटली. शांतता पसरायला लागली. लग्नातली शांतता आणि विहिरीतली शांतता, दोन्हींत वाकून बघू नये म्हणतात. अवंतिकेने मनाशी ठरवलं, निदान शब्द फिरवायचे. 'जा'च्या जागी 'ये' म्हणायचं. 'येशी तू तर ये.' तिने डोळे मिटले, श्वास घेतला, आणि घोटून घोटून मुरलेली जीभ आपल्या वाटेने गेली.

*जाशी तू तर जा, खुशाल, सजणा, दारास नाही कडी,*
*ओट्याशी बसुनी उन्हात शिवते मी एकटी गोधडी...*

आजवर हे गाणं ती इतकं सुरेख कधी गायली नव्हती, हे तिचं तिलाच कळलं. रजयांपुढे जे येत नव्हतं ते सगळं आलं, आणि आलं ते भर मांडवात. दुसऱ्या कडव्याला कार्यालयाच्या दारात बँड धडाडला. ती तशीच गात राहिली, कारण गुरुजींचं बोट थांबत नव्हतं. शेवटी ते थांबलं, 'सावधान' झालं, अंतरपाट उतरला, हार पडले. पुष्करच्या गळ्यात हार पडायला अंमळ वेळ लागला, पण तेव्हा तिकडे लक्ष कोणाचं होतं?

अवंतिका मांडवात फिरू लागली. जो दिसेल त्याला म्हणे, व्हिडिओ काढलास ना, तेवढा पुसून टाक. लोकांना वाटलं, पोरगी लाजते आहे. एका काकूंनी तो अमेरिकेला पाठवूनही दिला होता.

"दाखवा तरी," अवंतिका म्हणाली.

काकूंनी लावला. पडद्यावर हर्षितेची मुंडावळ, आणि आवाज मंदाताईंचा. दुसरा माइक हातात चालूच राहिल्याचं त्यांच्या गावी नव्हतं. "अरे मुठी नका भरू रे, दोन-दोन दाणे घ्या. शामला, त्या पाहुण्यांचे तांदूळ काढून घे. हसून." अख्खं पहिलं कडवं असंच, आणि गाण्याच्या तंद्रीत अवंतिकेला ते ऐकूही आलं नव्हतं. मग दिनकरराव तांदूळ आणा म्हणून दाराकडे हात हलवताना दिसले, बँडवाल्यांनी ती खूण आपलीच मानली, आणि पुढे नुसते ढोल.

तिने दुसरा मोबाइल पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे तांदूळ आणि ढोल.

वाचले, असं तिने स्वतःला सांगितलं. मग ती एका रिकाम्या खुर्चीत बसली. एवढा भरला मांडव, आणि एकाही कानात शब्द गेला नाही. मंदाताई जाता जाता पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "छान म्हटलंस हो. काय होतं ते, गणपतीचं का?"

अवंतिकेने मेल उघडला. 'हे गाणं आजवर कोणीही ऐकलेलं नाही.' वाक्य खरं होतं, आणि तेच तिला नको झालं होतं. बोट बटणावर ठेवलं तेवढ्यात शेजारी शालू सळसळला. जेवणाच्या ताटावरून उठून नवी नवरी आली होती.

"ताई," हर्षिता हळूच म्हणाली, "दुसरं कडवं काय होतं? पहिलं ऐकलं, तू माझ्या कानाशीच उभी होतीस. पुढचं बँडने खाल्लं."

अवंतिकेने मोबाइल खाली ठेवला.

"सच्ची सांगते, हार हातातच राहिला माझा. ती बाई एकटी गोधडी शिवत बसलीय, आणि मी इकडे लग्न करून राहिलेय. पुष्कर म्हणाला, घाल ना, भूक लागलीय. म्हणून घातला." ती डोळ्यांच्या कडा टिपून हसली. "ती उठते का मग? का बसूनच राहते?"

अवंतिकेने मांडवाकडे पाहिलं. पंगत बसली होती, मंदाताई माइकशिवायही तेवढ्याच ऐकू येत होत्या. ती नवरीच्या कानाशी वाकली आणि दुसरं कडवं हलक्या आवाजात म्हटलं, मग तिसरंही. हर्षितेने अवंतिकेचा हात घट्ट धरून ठेवला, मेंदीचा वास यायला लागेपर्यंत.

ती गेल्यावर अवंतिकेने मेलमधलं वाक्य पुसलं आणि नवीन लिहिलं. 'एका मुलीने ऐकलं आहे. लग्न मोडता मोडता राहिलं. चालेल का, ते कळवा.'

आणि बटण दाबून ती जेवायला उठली.