लाट बंद करायला कोण जाणार?

"लाट बनवतोयस? का रे बाबा, आम्हाला कमी पडल्या होत्या?"

तोमेआजी रोज सकाळी जावयाला हेच विचारायच्या आणि नोबुओ रोज सकाळी मान खाली घालून मिसोचं सूप प्यायचा. उत्तर तरी काय देणार? ज्या गावाचा अर्धा भाग समुद्राने एका दुपारी गिळला, त्याच गावात हा गृहस्थ सर्फिंगच्या सरावासाठी लाटांचं यंत्र उभारत होता. नगरपालिकेचं म्हणणं असं, की पोरं समुद्राला घाबरतात ती निदान तलावात तरी उतरतील, बाहेरची माणसं येतील, दोन खानावळी चालतील. म्हणणं काही खोटं नव्हतं. फक्त यंत्रातून धड लाट येत नव्हती. यायची, पण अर्ध्यात येऊन धपकन कोसळायची, दारू जास्त झालेल्या पाहुण्यासारखी.

आज शेवटची संधी होती. नगरपालिकेच्या समितीचे अध्यक्ष ओइकावा स्वतः बघायला येणार होते. लाट उठली तर ठीक, नाहीतर तलाव बुजवायचा आणि नोबुओने चिबा शहरातल्या आपल्या कचेरीत परत जायचं. बायको म्हणाली होती, "मी काही आईला एकटं टाकून येणार नाही." आणि आई तर जागची हलणार नव्हतीच. तोमेआजींचा नवरा त्या दुपारी गेला तो सापडलाच नाही. "मी कुठं गेले आणि तेवढ्यात ते आले, तर दार कोण उघडेल?" असं त्या म्हणायच्या. त्याच कारणासाठी, लाट आली तर पळायचं कसं याच्या सरावालाही जायच्या नाहीत. भोंगा वाजायचा, गाव देवळाच्या टेकडीकडे धावायचं, आणि या बाई घराजवळच्या धक्क्यावर बसून समुद्री शेवाळ निवडत राहायच्या.

ओइकावा आले. करडा कोट, छातीवर नावाची पट्टी, डोक्यावर शिरस्त्राण. यंत्राच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि काचेतून तलावाकडे बघून म्हणाले, "पाणी कमी वाटतंय."

"कमीच ठेवलंय साहेब. सुरक्षित असावं म्हणून."

नोबुओचा सगळा जन्मच असा, सुरक्षित असावं म्हणून थोडा कमी.

"जरा वाढवून बघा की."

अध्यक्षांना नाही म्हणायची गावात रीत नव्हती. नोबुओने पंप सुरू केला. पंप पाणी ओढायचा धक्क्याजवळच्या लहान बंदरातून. एरवी किनाऱ्यावरच्या उंच भिंतीचा दरवाजा उघडा असे, त्यामुळे उपसलेलं पाणी समुद्र भरून काढी. आज गंज काढण्यासाठी तो दरवाजा बंद होता. नोबुओला हे कळवलं होतं, पण लाटेच्या धसक्यात बिचारा साफ विसरला.

पहिली लाट कोसळली. दुसरीही कोसळली. ओइकावांनी घड्याळाकडे पाहिलं. नजर चुकवायला नोबुओने खिडकीबाहेर बघितलं, तर टोफूवाला पळत होता. मागोमाग केस कुरळे करायच्या नळ्या लावलेली एक बाई पळाली. मग पोस्टमन, मग पोस्टमनला एरवी चावणारा कुत्रा, दोघं शेजारी शेजारी. कुणी ओरडत नव्हतं, कारण गावाचा नियमच तसा होता. हाक मारायची नाही, थांबायचं नाही, मागं वळायचं नाही, ज्यानं त्यानं आपापलं पळायचं.

"साहेब, लोक..." म्हणत नोबुओ वळला, तर साहेबांची खुर्ची रिकामी होती.

मग तोही पळाला.

टेकडीवर सगळं गाव धापा टाकत उभं होतं. भोंगा तर वाजलाच नव्हता.

"तू का पळालास?" कुणीतरी नोबुओला विचारलं.

"टोफूवाल्याला बघून."

"मी तोमेआजीला बघून," टोफूवाला म्हणाला. "आजी पळाली म्हणजे जगच बुडालं ना!"

तोमेआजी देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. एका पायात चप्पल नाही, हातात शेवाळाची सुरी तशीच. "धक्क्याशी तळ दिसला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी लाट यायच्या आधी दिसला होता तस्साच."

नोबुओने खाली पाहिलं. भिंतीपलीकडे समुद्र शांत पडला होता. भिंतीअलीकडे बंदराचा नुसता चिखल झाला होता आणि त्या चिखलातून त्याच्याच पंपाचा पाइप निघाला होता. मेलो, असं त्याच्या मनात आलं. त्याने सगळ्या गावापुढे कपाळ जमिनीला टेकवलं.

"माझा पंप आहे. चालूच राहिला. आत्ता जाऊन बंद करून येतो..."

"खबरदार!" आजींनी त्याची कॉलर धरली. "आमचे हेही असेच गॅस बंद करायला मागं फिरले होते. जळू दे तुझं यंत्र. सगळं ठीक असल्याचा भोंगा झाल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही."

शेवटी ओइकावा पालिकेचा भोंगा सांभाळणाऱ्या कोन्नोला म्हणाले, "अहो, मग वाजवा की भोंगा."

कोन्नो कमरेत वाकून म्हणाला, "साहेब, इशारा दिलेलाच नाही. मग मागे कसा घेऊ?"

झालं! वरिष्ठांना विचारायला कोन्नोने फोन लावला आणि गाव टेकडीवर बसून राहिलं. इतक्यात खाली तलावात पाणी फुगलं. नोबुओने आखलेली सुरक्षित पातळीची खूण केव्हाच बुडाली होती. एक लाट उठली, न कोसळता वळली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरेख उलगडत गेली. मागून दुसरी आली, तिसरी आली. तलावात चिटपाखरू नव्हतं.

"ही आत्ताच का येतेय?" ओइकावांनी विचारलं.

"पाणी पुरेसं झालं, साहेब," नोबुओ पुटपुटला. "मी तिथं नाही म्हणून."

कोन्नोला अखेर परवानगी मिळाली. आधी इशाऱ्याचा भोंगा वाजला. तो ऐकून टेकडीवरचं गाव ताडकन उठलं आणि देवळाच्या छपरावर चढायला लागलं. अध्यक्ष अर्ध्या खांबावर असताना इशारा मागे घेतल्याचा भोंगा वाजला.

खांबावरून खाली उतरून ओइकावांनी कोट झटकला. "यंत्र राहील. पण एक अट आहे. वर्षातून एकदा, कुणालाही न सांगता, बंदराचं पाणी ओढायचं. भोंग्यानं निम्मं गाव येत नाही, आज एकही माणूस घरी राहिला नाही."

सगळ्यांच्या मागून नोबुओ आणि तोमेआजी उतरत होते. घर दिसलं. दार सताड उघडं होतं. आजी उंबऱ्याशी थांबल्या, आत डोकावल्या. आत कुणी नव्हतं.

"दार उघडंच टाकून पळाले मी," त्या हळूच म्हणाल्या. "यायचे असते तर आज आले असते रे."

नोबुओने त्यांनी उंबऱ्याशी काढलेली एकुलती एक चप्पल उचलून आत ठेवली.

"जावईबापू, पुढच्या सरावाला मलाही हाक मार."

"आई, हाक मारायची नसते. नियम आहे."

"नको मारूस," आजी म्हणाल्या. "तसंही मी तुझ्या पुढेच असेन."